हाड कापलं की आणखी हाड

म्युझियममधले सांगाडे तारेने जोडलेले असतात. स्नायू आणि अस्थिबंध गेले की हाडं सुटी होतात, आपली आपण उभी राहत नाहीत. फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियममधल्या हॅरी ईस्टलॅकच्या सांगाड्याला मात्र अशा जोडणीची फारशी गरज पडली नाही. त्याची हाडं तो जिवंत असतानाच एकमेकांना चिकटली होती.

हॅरी १९३३ साली त्याच शहरात जन्मला. लहानपणी खेळताना पाय मोडला, तो नीट जुळला नाही. पुढे एकेक सांधा ताठ होत गेला. डॉक्टर नको तिथे आलेलं हाड कापून काढायचे. तिथे आधीपेक्षा जास्त हाड यायचं. शेवटी त्याला फक्त ओठ हलवता येत होते. चाळिसाव्या वाढदिवसाला सहा दिवस असताना, नोव्हेंबर १९७३ मध्ये, तो न्यूमोनियाने गेला. आपला देह संशोधनासाठी द्यावा, ही त्याची इच्छा होती.

आजाराचं नाव फायब्रोडिसप्लाझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, थोडक्यात एफओपी. साधारण १० ते २० लाखांत एकाला होतो. यात स्नायू, स्नायुबंध आणि अस्थिबंध यांच्या जागी खरंखुरं हाड तयार होतं.

मी बॅकएंड इंजिनियर. बायॉलॉजीशी माझा संबंध बारावीत संपला. तरी या आजाराचा इतिहास वाचताना मला तो ओळखीचा वाटला. गेल्या वर्षी आम्ही तीन दिवस एक बग शोधत होतो. एक सर्व्हिस चुकीचे मेसेज पाठवतेय अशी आमची खात्री होती. मेसेज बरोबर होते. ते वाचणाऱ्या कोडमध्ये एक ओळ चुकली होती.

एफओपीच्या संशोधकांचंही काहीसं असंच झालं, फक्त त्यांचे तीन दिवस काही दशकांचे होते.

१९६५ साली मार्शल युरिस्ट या अमेरिकन सर्जनने हाडातलं कॅल्शियम काढून टाकलं आणि उरलेला तुकडा जनावराच्या स्नायूत ठेवला. तिथे नवं हाड उगवलं. म्हणजे हाडात असं काहीतरी होतं, जे आजूबाजूच्या पेशींना ‘हाड व्हा’ असा निरोप देत होतं. १९७१ मध्ये त्याला नाव मिळालं: बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, बीएमपी. हे ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिनं. मग एफओपीमध्ये हा निरोप जास्त जात असणार, असा संशय येणं साहजिक होतं. १९९६ मध्ये रुग्णांच्या रक्तपेशींत बीएमपी-४ जास्त आढळलं, तेव्हा तो आणखी पक्का झाला. पण त्या जनुकात दोष सापडला नाही.

दरम्यान १९८८ मध्ये जीनी पीपर या रुग्ण असलेल्या बाईंनी पत्रं लिहून ११ रुग्णांना गाठलं आणि त्यातून संघटना उभी केली. एकेकटी माणसं एकमेकांना सापडली. एफओपी असलेल्यांना मुलं क्वचितच होतात, त्यामुळे एकाच घरात दोन पिढ्यांत आजार असलेली कुटुंबं मोजकीच. अशा कुटुंबांनी दिलेल्या रक्तातून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आयलीन शोर आणि फ्रेडरिक कॅपलन यांच्या गटाला २००६ मध्ये उत्तर मिळालं. एसीव्हीआर-१ नावाच्या जनुकात ६१७व्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’. एक अक्षर. हे जनुक निरोप घेणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, बनवतं. जवळजवळ सगळ्या रुग्णांत हीच चूक निघाली.

तरी एक प्रश्न उरलाच: पडल्यावर, मार लागल्यावर हाड का वाढतं? २०१५ मध्ये रीजेनेरॉनच्या शास्त्रज्ञांनी त्याचा धागा शोधला. जखमेच्या ठिकाणी अ‍ॅक्टिव्हिन-ए नावाचा वेगळा ग्रोथ फॅक्टर येतो. साधा रिसेप्टर त्याला धरतो, पण पुढे हाडाचा निरोप पाठवत नाही. बदललेला रिसेप्टर त्यालाच ‘हाड व्हा’ असं वाचतो. हा दोष असलेल्या उंदरांत अ‍ॅक्टिव्हिन-ए अडवलं, तर नको ते हाड आलं नाही.

इथे मला हॅरीची ऑपरेशन्स आठवली. प्रत्येक काप ही जखम होती, आणि जखमेतूनच निरोप जात होता. डॉक्टर चांगल्या हेतूने तोच बग पुन्हापुन्हा ट्रिगर करत होते.

२०२३ मध्ये अमेरिकेत पॅलोव्हॅरोटीन या औषधाला मान्यता मिळाली. ते नव्या हाडाची वाढ कमी करतं, थांबवत नाही. लहान मुलांची उंची वेळेआधी खुंटण्याचा धोका असल्याने अगदी लहानांना ते देतही नाहीत.

म्हणून आजही सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वेळेवर ओळख. ती करायला लॅब लागत नाही. एफओपी असलेल्या बहुतेक बाळांचे पायाचे अंगठे जन्मतःच आखूड आणि आत वळलेले असतात. पुढे पाठीवर किंवा मानेवर गाठ येते, ती कॅन्सरची समजून तुकडा काढला जातो, आणि तिथेच हाड धरतं. स्नायूत दिलेलं इंजेक्शनही पुरेसं ठरतं.

सुई टोचण्याआधी कुणीतरी अंगठे बघायला हवेत. इतक्या वर्षांच्या शोधातून घरी नेण्यासारखं मला एवढंच सापडलं, आणि ते थोडं नाही.