विम्याच्या वचनाची पारख

'आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. दुसऱ्यावर विसंबून राहणाऱ्या माणसाला कामाला लावण्यासाठी ती वापरतात. आयुर्विम्याला मात्र ही म्हण शब्दशः लागू पडते. वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगडा घेणारी बाई कल्ला उचलून पाहिल्याशिवाय कनवटीचा पैसा सोडत नाही. नारळ घेणारा तो कानाशी हलवून पाहतो, काजूगर घेणारा एक दाणा तोंडात टाकतो. विम्याचा माल असा आहे की, तो हातात पडायची वेळ येते तेव्हा पैसे भरणारा माणूसच या जगात नसतो. माल चोख निघाला की नासका, हे त्याच्या बायकोला आणि मुलांना कळते.

त्यातही मुदतीचा विमा, ज्याला हल्ली सर्रास टर्म पॉलिसी म्हणतात, त्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यात बचत नाही, बोनस नाही. ठरलेल्या वीस किंवा तीस वर्षांत विमेदार वारला तर कुटुंबाला ठरलेली रक्कम मिळायची. तो हयात राहिला तर साध्या पॉलिसीत एक पैसाही परत मिळायचा नाही. म्हणून तो स्वस्त असतो, आणि मिळवता माणूस एकच असलेल्या घराला तो फार उपयोगी पडतो. पण मग आपण विकत घेतो ते काय? एक वचन, आणि वचनावाचून दुसरे काही नाही. तेव्हा वचन देणारा कोण, त्याची ऐपत किती, आणि आजवर त्याने शब्द कसा पाळला, याची पारख आधीच करून घ्यायला हवी. ही पारख कशी करायची, हे आपल्याला विम्याच्या इतिहासाने, आणि तेही पुष्कळांचे पैसे बुडवून, शिकवले आहे. तोच इतिहास आज थोडक्यात पाहू.

आयुर्विम्याचे जे सर्वांत जुने करार माहीत आहेत, त्यांपैकी एक लंडनमधला आहे. १५८३ सालच्या जून महिन्यात विल्यम गिबन्स नावाच्या माणसाच्या जिवावर काही व्यापाऱ्यांनी मिळून बारा महिन्यांचा विमा दिला. म्हणजे तो मुदतीचाच विमा होता. गिबन्स वर्ष पुरे व्हायच्या आत वारला. पैसे देण्याची वेळ आली तशी व्यापाऱ्यांनी काय म्हणावे? महिना 28 दिवसांचा, म्हणून बारा महिने म्हणजे 336 दिवस. ते केव्हाच संपले! न्यायालयाने हा कावा चालू दिला नाही आणि पैसे देवविले. पाहा, या धंद्याच्या अगदी आरंभीच शब्दाचा कीस काढून दावा नाकारण्याचा प्रयत्न झाला होता. पॉलिसीतला शब्दन् शब्द सहीच्या आधी वाचावा, हा पहिला धडा इथे मिळतो.

आपल्या किनाऱ्याला जोखमीचा व्यवहार परका नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी पूर्वी 'जोखमी हुंडी' लिहीत. गलबत मालासकट सुखरूप पोचले तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे; ते बुडाले तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा, दोन्ही एकाच कागदात. वेंगुर्ले तर जुने बंदर. सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती, १८१२ साली हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे आले, आणि पुढे घाटमाथ्यावरचा बेळगावकडचा माल आंबोलीच्या वाटेने इथे उतरू लागला. समुद्राची धास्ती काय असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांतला मिळवता हात एका सकाळीत नाहीसा झाला. मालाची जोखीम व्यापारी एकमेकांत वाटून घेत होते. माणसाच्या जिवाची जोखीम वाटून घेणारी पद्धतशीर संस्था मात्र आपल्याकडे उशिरा आली.

ती प्रथम आली ती साहेबांसाठी. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुअरन्स कंपनी निघाली. तिचा रोख येथे राहणाऱ्या युरोपियन कुटुंबांवर होता. १८३४ साली ती बुडाली. त्यानंतरच्या कंपन्या हिंदी माणसाचा विमा घेत त्या कुरकुरतच, आणि हिंदी आयुष्य कमी भरवशाचे म्हणून जादा हप्ता लावीत. ही रीत मोडली ती मुंबईने. १८७० साली बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युरन्स सोसायटी स्थापन झाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दराने घ्यायला सुरुवात केली. 'म्युच्युअल' म्हणजे विमेदारच जिचे मालक, अशी ही मंडळी.

नेमके त्याच सुमारास विलायतेत मोठी पडझड झाली. अनेक लहान कंपन्या गिळून फुगलेली आल्बर्ट लाइफ ॲश्युरन्स कंपनी १८६९ साली कोसळली. हिंदुस्थानातले विमेदारही तिच्याबरोबर बुडाले. पाठोपाठ युरोपियन ॲश्युरन्स सोसायटीची तीच गत झाली. कंपनी मोठी दिसते म्हणजे भक्कम असते असे नव्हे, हा दुसरा धडा. ब्रिटिश पार्लमेंटने १८७० साली कायदा केला: नव्या कंपनीने वीस हजार पौंड अनामत ठेवावी, आयुर्विम्याचा निधी वेगळा राखावा आणि हिशेब प्रसिद्ध करावेत. १८७४ साली मुंबईत निघालेल्या कंपनीने तर आपल्या नावातच ग्वाही दिली: ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ ॲश्युरन्स कंपनी, म्हणजे तुमचा पैसा सरकारी रोख्यांत ठेवणारी. पोळलेल्या लोकांचा पहिला प्रश्न 'पैसा ठेवता कुठे?' हाच होता, हे त्या लांबलचक नावावरून कळते.

टपाल खात्याने १ फेब्रुवारी १८८४ पासून आपल्या नोकरांसाठी विमा सुरू केला आणि १८९४ साली खात्यातल्या बायकांनाही तो खुला केला. त्या काळी बाईच्या जिवाचा विमा घ्यायला इथे दुसरी कंपनी तयार नव्हती. पुढे स्वदेशीची चळवळ आली आणि देशी विमा कंपन्यांचे पेव फुटले. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी काढली. मुंबई-कलकत्त्याबाहेरच्या गावातही असा धंदा उभा राहू शकतो, हे तिने दाखवून दिले.

पण पेव म्हटले की त्यात किडके धान्यही आले. त्या काळात 'डिव्हिडिंग' पद्धतीच्या मंडळ्या निघाल्या होत्या. सभासदांची वर्गणी गोळा करायची आणि त्या वर्षी जितके दावे येतील तितक्यांत ती वाटायची. किती मिळणार, हे आधी कोणालाच ठाऊक नाही! वर्गणी अगदी थोडी, म्हणून गरीब माणूस भुलायचा. आणि दावे वाढले की हाती चिल्लर यायची. १९१२ साली पहिला हिंदी आयुर्विमा कायदा झाला, त्याने हप्त्याचे दरपत्रक विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक केले. कोणत्या वयाची हजारांत किती माणसे वर्षभरात दगावतात, यावरून हप्ता काढणारा तो विमागणितज्ञ. हप्ता अंदाजाने नव्हे, गणिताने ठरला पाहिजे. फाजील स्वस्ताई दिसली की तिचे कारण विचारले पाहिजे. हा तिसरा धडा.

१९१४ साली देशात 44 कंपन्या होत्या आणि त्यांचा चालू विमा 22 कोटी 44 लाख रुपयांचा होता. १९३८ साली कंपन्या 176 झाल्या आणि चालू विमा 298 कोटींवर गेला. त्याच वर्षी विम्याचा सर्वंकष कायदा झाला. त्याने अनामत, गुंतवणूक, हिशेब यांना शिस्त लावली, डिव्हिडिंगचा धंदा बंद केला, आणि एजंटाने आपल्या कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देऊन भुलवण्यास मनाई केली. तरीही १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत 25 कंपन्या दिवाळ्यात निघाल्या, आणि आणखी तितक्याच कंपन्यांना आपला धंदा दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला. कायदा कागदावर असून भागत नाही, त्यावर डोळा ठेवणारा लागतो.

डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत फिरोज गांधींनी भारत इन्शुअरन्स कंपनीचे प्रकरण चव्हाट्यावर मांडले. कंपनीचे प्रमुख रामकृष्ण दालमिया यांनी विमेदारांचा दोन कोटींहून अधिक पैसा आपल्या इतर व्यवहारांत वळवला होता. पुढे त्यांना त्याबद्दल तुरुंगवास झाला. या वेळी अर्थमंत्री होते आपल्या कोकणचेच चिंतामणराव देशमुख, कुलाब्याचे खासदार. १९ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आकाशवाणीवरूनच देशाला सांगितले की, आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला आहे. हिंदी आणि परदेशी कंपन्या व भविष्यनिर्वाह मंडळ्या मिळून 245 संस्था एका वटहुकुमाने सरकारकडे आल्या, आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. त्या कायद्याच्या 37 व्या कलमाने महामंडळाच्या पॉलिसींना केंद्र सरकारची हमी मिळाली. ती आजही आहे.

आता तरी प्रश्न विचारणे संपले का? नाही. दोनच वर्षांत कळले की महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी १९५८ साली मुंबईत उघड चौकशी केली, लोकांनी ती ऐकायला गर्दी केली, आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. मालक शेठ असो की सरकार, पैसा विमेदाराचा आहे, म्हणून हिशेब उघडा हवा. हा चौथा धडा.

पुढे मल्होत्रा समितीने १९९४ साली अहवाल दिला, १९९९ चा कायदा झाला आणि २००० सालापासून खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. आज महामंडळही आहे आणि खासगी कंपन्याही आहेत. त्यांच्यावर विमा नियामक प्राधिकरणाची देखरेख असते. म्हणजे १९५६ पूर्वी निवडीचा जो भार आपल्या आजोबांवर होता, तो पुन्हा आपल्यावर आला. फरक इतकाच की आजोबांना माहिती मिळत नव्हती. आपल्याला ती मिळते, फक्त पाहायचा आळस असतो.

काय पाहावे? पहिले, कंपनीची ऐपत. देणे फेडल्यावर तिच्याजवळ किती शिल्लक राहते, याचे एक प्रमाण असते. त्याला सॉल्व्हन्सी रेशो म्हणतात. ते निदान दीडपट, म्हणजे 1.5 असावे, असा नियम आहे. आल्बर्ट कंपनीच्या काळी हा आकडा कोणी मागितला असता तर कितीतरी घरे वाचली असती.

दुसरे, शब्द पाळण्याचा वहिवाटीचा पुरावा. मृत्यूचे शंभर दावे आले, त्यांतले किती दिले, हे नियामकाच्या वार्षिक अहवालात छापून येते. हा आकडा एका वर्षाचा पाहू नये, चार-पाच वर्षांचा पाहावा. शिवाय दाव्यांची संख्या आणि दाव्यांची रक्कम हे दोन्ही आकडे ताडून पाहावेत. लहान लहान दावे भराभर देऊन मोठे अडवले, तर संख्येचा आकडा गोजिरा दिसतो आणि रकमेचा मागे पडतो. टर्म पॉलिसीची रक्कम मोठी असते, म्हणून आपल्या कामाचा आकडा दुसराच. दावा किती दिवसांत दिला, हेही विचारावे.

तिसरे, जुनी गिऱ्हाइके टिकतात का? पाच वर्षांनंतर शंभरांतल्या किती पॉलिसी चालू राहिल्या, हा आकडाही कंपन्यांना जाहीर करावा लागतो. तो फारच खाली असेल तर समजावे की गळी उतरवून विकलेला माल लोकांनी टाकून दिला.

चौथे आपल्याकडे आहे, आणि ते सर्वांत मोठे. वचन दुतर्फी असते. अर्जात वय, आजार, बिडी-तंबाखू, आधीचे विमे हे सगळे खरे लिहा. आणि एजंटाला 'तूच भर रे' म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका. कायद्याच्या 45 व्या कलमाप्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर कंपनीला तिच्या खरेपणाबद्दल वाद काढता येत नाही. पण हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात. त्या तीन वर्षांत आलेला दावा कंपनी बारकाईने तपासते, आणि तेव्हा खुलासा करायला लिहिणारा हजर नसतो. दावा अन्यायाने नाकारला असे वाटले तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही.

आणि एक साधी गोष्ट राहिली. पॉलिसी कपाटाच्या तळाशी कुलपात ठेवून तिचा उच्चार घरात न करणारे पुष्कळ आहेत. मरणाची भाषा अभद्र वाटते म्हणून बायकोलाही सांगत नाहीत. कागद कुठे आहे, कंपनी कोणती, वारस म्हणून नाव कोणाचे लावले आहे, हे घरच्या माणसांना बसवून सांगा.

वेंगुर्ल्याच्या बंदरात आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना होडीतून तिच्यापर्यंत जावे लागे. कडेवर पोर असलेली बाई होडीत पाय घालण्याआधी दोन गोष्टी विचारी: होडी कोणाची, आणि वल्ह्यावर कोण. तेवढे विचारायला तिला शिक्षण लागत नसे. सही करण्याआधी आपणही तेवढे विचारू या.