बर्फावर पडणाऱ्या अस्वलांचं कूळ

डिसेंबरातली संध्याकाळ. कॅनडातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या गावातलं बर्फाचं बंदिस्त मैदान, ज्याला तिकडे रिंक म्हणतात. आत काही हजार माणसं बसली आहेत आणि बहुतेकांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक मऊ अस्वल आहे. खाली आइस हॉकी खेळणारी सोळा ते वीस वर्षांची पोरं पक या रबरी चकतीमागे सुसाट धावताहेत, एकमेकांना कठड्यावर आदळताहेत. यजमान संघाचा पहिला गोल होतो, भोंगा वाजतो आणि चारही बाजूंनी अस्वलं कोसळू लागतात. पांढरंशुभ्र बर्फ बघता बघता तपकिरी, गुलाबी, पिवळं होऊन जातं. सामना थांबतो. कधी वीस मिनिटं, कधी त्याहून अधिक. खेळाडू हातातल्या काठ्या बाजूला ठेवून खेळणी गोळा करतात, आणि नाताळाच्या आधी ती लहान मुलांच्या हॉस्पिटलांत आणि गरजू घरांत पोचतात.

या प्रथेला टेडी बेअर टॉस म्हणतात. प्लास्टिकची पिशवी का, तर बर्फावर पडून खेळणं ओलं होऊ नये म्हणून. एरवी प्रेक्षकांनी बर्फावर वस्तू फेकल्या तर खेळात व्यत्यय आणला म्हणून यजमान संघाला शिक्षा होऊ शकते. या एका रात्री मात्र फेकण्यासाठीच माणसं आलेली असतात.

प्रथेची जन्मतारीख पक्की आहे: ५ डिसेंबर १९९३. जागा कॅम्लूप्स, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं, थॉम्पसन नदीचे उत्तर आणि दक्षिण फाटे जिथे मिळतात तिथलं गाव. तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आलेल्या गावाच्या नावाचा अर्थही नद्यांची भेट असाच. कॅम्लूप्स ब्लेझर्स हा तिथला ज्युनियर संघ तेव्हा ऐन भरात होता. १९९२, १९९४ आणि १९९५ अशा तीन वर्षी त्याने ज्युनियर हॉकीचा मेमोरियल कप जिंकला. संघाच्या मार्केटिंगचं काम पाहणारे डॉन लार्सन यांनी ही कल्पना काढली. पहिला गोल ब्रॅड लुकोविच याने केला. तो बचावफळीतला खेळाडू, गोल करणं हे त्याचं नेहमीचं काम नव्हे. पुढे तो व्यावसायिक हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये गेला, २००४मध्ये तिचा करंडक, स्टॅन्ली कप, जिंकणाऱ्या टॅम्पाच्या संघातही होता. कॅम्लूप्समध्ये मात्र ‘पहिलं अस्वल ज्याच्या गोलावर पडलं तो’ हीच त्याची ओळख. त्या रात्री २,४०० हून अधिक खेळणी जमली.

जन्मतारीख पक्की असली तरी कूळ त्याहून खूप जुनं आहे. मला या प्रथेत दोन घराणी एकत्र आलेली दिसतात. एक थैलीचं आणि दुसरं टोपीचं.

थैलीच्या घराण्याचं मूळ नाटकात आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या रंगभूमीवर एलिझाबेथ बॅरी या नटीसाठी एका प्रयोगाचं उत्पन्न राखून ठेवलं गेलं, आणि असा मान मिळालेली ती पहिली, असं नट-नाटककार कॉली सिबर यांनी आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. त्यालाच ‘बेनिफिट’ म्हणू लागले. तिथून हा शब्द क्रिकेटमध्ये आला. इंग्लंडच्या काउंटी संघातला पगारी खेळाडू म्हातारा होऊ लागला की एका सामन्याचं उत्पन्न त्याला द्यायचं. केंटच्या जेम्स सीमूर यांना १९२०च्या अशाच सामन्यातून मिळालेल्या रकमेवर प्राप्तिकर खात्याने हात ठेवला. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९२७मध्ये निकाल लागला: हे वेतन नव्हे, लोकांनी प्रेमाने दिलेली भेट आहे, म्हणून कर नाही. बेनिफिट म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आपल्याकडेही नाटकाच्याच वाटेने ही रीत आली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला ‘संयुक्त मानापमान’ आठवा. गंधर्व आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी मंडळ्या, आणि टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व भामिनी तर केशवराव भोसले धैर्यधर होऊन एका रंगमंचावर उभे राहिले. एरवी ज्यांचे चाहते एकमेकांशी हिरिरीने वाद घालत, ते दोघे एकत्र दिसणार म्हटल्यावर मुंबई लोटली. मदतीच्या खेळाचं मर्म इथेच आहे. चुरस जितकी खरी तितकी फंडाची थैली जड. कॅनडातल्या हॉकीवाल्यांना हे त्याआधीच उमगलं होतं.

हॉड स्टुअर्ट हा माँट्रियल वाँडरर्सचा बचावपटू, त्या काळातला सर्वोत्तम समजला जाणारा. मार्च १९०७मध्ये संघाबरोबर त्याने स्टॅन्ली कप उचलला आणि २३ जूनला बेलव्हिल गावी क्विंटेच्या उपसागरात सूर मारताना पाण्याखालच्या खडकावर डोकं आपटून तो गेला. मागे बायको आणि मुलं. २ जानेवारी १९०८ रोजी त्यांच्यासाठी सामना ठेवला गेला: एका बाजूला वाँडरर्स, दुसऱ्या बाजूला लीगमधल्या इतर संघांतून निवडलेले खेळाडू. वाँडरर्सनी तो १०-७ असा जिंकला आणि कुटुंबाच्या हाती दोन हजार डॉलरहून अधिक रक्कम पडली. कोणत्याही खेळातला हा पहिला ऑल-स्टार सामना असावा असं हॉकीचे इतिहासकार मानतात. आज ऑल-स्टार म्हटलं की झगमगाट आठवतो. त्याच्या मुळाशी एका विधवेच्या घरची चूल आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

या घराण्यातली सगळ्यात मोठी रात्र टोरांटोची. १२ डिसेंबर १९३३ रोजी बॉस्टनमध्ये तिथला एडी शोर हा दांडगा बचावपटू टोरांटोच्या एस बेलीवर मागून धडकला. बेलीचं डोकं बर्फावर आपटलं, कवटी फुटली. डोक्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो जगेल असं काही दिवस कुणालाच वाटत नव्हतं. शोरला १६ सामन्यांची बंदी झाली. बेली वाचला, पण त्याचं खेळणं कायमचं संपलं. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी मेपल लीफ गार्डन्समध्ये त्याच्या मदतीसाठी सामना झाला. टोरांटोचा संघ विरुद्ध मोठ्या लीगमधल्या उरलेल्या आठ संघांतले निवडक खेळाडू, आणि त्या निवडकांत एडी शोर.

सामन्याआधी बेली नागरी वेषात बर्फावर आला. खेळाडू एकेक करून पुढे येत होते आणि तो त्यांना जर्सी देत होता. शोरची पाळी आली तेव्हा १४,०७४ प्रेक्षकांनी श्वास रोखला. बेलीने हात पुढे केला, शोरने तो धरला, आणि सगळं मैदान ओरडून उठलं. टोरांटोने सामना ७-३ ने जिंकला, २०,९०९ डॉलर जमले. बेलीची ६ नंबरची जर्सी त्या लीगमध्ये कायमची निवृत्त केलेली पहिली जर्सी ठरली. तीस-पस्तीस वर्षांनी रॉन एलिस या तरुण खेळाडूचा खेळ बेलीला आवडला आणि त्याने स्वतःच सांगितलं, माझा नंबर या मुलाला घालू द्या. बेली १९९२पर्यंत जगला.

हाउई मोरेन्झ हा खेळाडू गेला तेव्हा १९३७मध्ये, बेब सीबर्ट हा दुसरा खेळाडू बुडाला तेव्हा १९३९मध्ये, असेच सामने झाले. १९४७पासून ऑल-स्टार सामना दरवर्षी होऊ लागला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा खेळाडूंच्या पेन्शन फंडाकडे गेला. अपघात झाल्यावर थैली फिरवायची, याऐवजी आधीच तरतूद करायची, हा शहाणपणा यायला चाळीस वर्षं लागली.

आता टोपीचं घराणं. १८५८मध्ये शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. प्रेक्षकांनी वर्गणी काढली आणि त्या पैशांतून त्याला टोपी घेऊन दिली. ‘हॅट ट्रिक’ हा शब्द त्यातून आला असं मानतात. म्हणजे आपण गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सहज वापरतो त्या शब्दाच्या पोटातही वर्गणी आहे! हॉकीने हा शब्द तीन गोलांसाठी उचलला. १९४६मध्ये टोरांटोतल्या सॅमी टॅफ्ट या टोपीविक्याने शिकागोच्या अ‍ॅलेक्स कॅलेटाला, तीन गोल केलेस तर टोपी फुकट, असं सांगितलं. कॅलेटाने चार केले.

माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचा दुवा ग्वेल्फ गावचा. तिथल्या बिल्टमोर या टोप्यांच्या कारखान्याने एका ज्युनियर संघाला पैसा पुरवला, संघाचं नावच बिल्टमोर मॅड हॅटर्स. तीन गोल करणाऱ्या पोराला कारखान्याची टोपी मिळे. पुढे हा व्यवहार उलटला. प्रेक्षकच डोक्यावरची टोपी काढून बर्फावर भिरकावू लागले. आनंद झाला की आपल्याजवळची वस्तू बर्फावर फेकायची, हे प्रेक्षकांच्या अंगात मुरलं. टोपीच्या जागी अस्वल आलं आणि ते कुणासाठी फेकायचं हे ठरलं, की कॅम्लूप्सची रात्र तयार होते.

पण ती ज्युनियर हॉकीतच का जन्मली? मोठ्या लीगमध्ये तेव्हाही पैसा होता, टीव्ही होता. ज्युनियर हॉकीची घडण वेगळी आहे. तिचा सर्वोच्च करंडक, मेमोरियल कप, १९१९मध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाला. म्हणजे जिंकण्याची खूणच मुळात आठवणीची खूण आहे. शिवाय ही पोरं शेकडो मैलांवरून येतात आणि गावातल्या कुटुंबांत राहतात, त्यांच्याच ताटात जेवतात. याला बिलेट म्हणतात. ज्याच्यासाठी आपण ओरडतो तो मुलगा शेजाऱ्याच्या वरच्या खोलीत झोपतो. अशा संघाने उद्या एक खेळणं घेऊन या म्हटलं तर गाव आणतंच. ब्लेझर्स हा संघ तर त्या काळी गावाच्याच मालकीचा होता.

आणि वेळ आली तेव्हा हे नातं उलट दिशेनेही वाहिलं. ६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचवानमधल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनियर संघाची बस निपाविनला सामन्यासाठी जात असताना ट्रकशी टक्कर झाली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. कॅनडाभर लोकांनी दाराबाहेर हॉकीच्या काठ्या उभ्या केल्या आणि दीड कोटी डॉलरहून अधिक निधी जमला. १२ सप्टेंबरला नवा संघ घरच्या बर्फावर उतरला तेव्हा समोर निपाविनचाच संघ होता, ज्यांच्याशी तो सामना व्हायचा राहिला होता. निपाविनने २-१ असा विजय मिळवला. पाहुणे पूर्ण ताकदीने खेळले. याहून मोठा आदर ते दाखवू शकले नसते असं मला वाटतं.

कॅम्लूप्सची कल्पना मात्र वेगाने पसरली. कॅल्गरीच्या हिटमेन या ज्युनियर संघाने २०१५मध्ये एका रात्रीत २८,८१५ खेळणी जमवली. अमेरिकेत चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्शी गावच्या संघाचं नावच बेअर्स. तो ज्युनियर नव्हे, व्यावसायिक संघ. जानेवारी २०२५मध्ये त्यांच्याकडे १,०२,३४३ खेळणी पडली. आकड्यांची ही शर्यत मला फारशी ओढत नाही. मला ओढतो तो गोल होण्याआधीचा वेळ. पाहुण्या संघाच्या गोलरक्षकाला पक्कं ठाऊक असतं की आपण एक चूक केली की हजारो अस्वलं सुटणार आहेत, आणि ती आजारी मुलांकडे जाणार आहेत. तरी तो जीव तोडून अडवतो. कधी कधी यजमानांना गोल करताच येत नाही, आणि मग खेळ संपल्यावर अस्वलं फेकावी लागतात.

बहुतेकदा मात्र गोल होतो. गोलरक्षक गुडघ्यावरून उठतो, मुखवटा वर करतो. आजूबाजूला खेळण्यांचा ढीग वाढत असतो. एकमेकांना कठड्यावर आदळणारी दोन्ही बाजूंची पोरं हातभर अस्वलं कवटाळून फाटकाकडे घसरत जातात. बर्फ साफ होतं. फलकावर १-० असतं आणि पंच मध्यरेषेवर पक घेऊन उभा असतो.