इंजिनाचा श्वास आणि मल्लेश्वरमची उंची

कारखान्यातून आलेल्या मोटारीला बाजारातील खुला एअर फिल्टर बसवला की तिची ताकद वाढते, ही समजूत वाहनप्रेमी तरुणांत दृढ आहे. तिची परीक्षा एका जुन्या प्रयोगाच्या आधारे करता येते.

१९१८ साली अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच पर्वतावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथे २३० वर घसरले; टर्बोचार्जर जोडताच ३५६ वर पोहोचले. इंजिन तेच होते; उणीव होती ती हवेच्या वस्तुमानाची.

मल्लेश्वरमलगतच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमान अभियांत्रिकी विभाग सुरू झाला. त्याची धुरा विष्णु माधव घाटगे यांच्याकडे होती. गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे डॉक्टरेट केलेल्या घाटगे यांच्या विद्येचा गाभाच वाहत्या हवेचा हिशेब हा होता. तोच हिशेब मोटारीला लावून पाहावा.

बंगळूरची उंची सुमारे ९२० मीटर. येथे हवेचा दाब १०१ ऐवजी साधारण ९१ किलोपास्कल असतो. म्हणजे दहावा हिस्सा उंचीनेच नेला. स्वच्छ कागदी फिल्टरमुळे होणारी दाबघट मात्र सामान्यतः एक-दोन किलोपास्कलच्या घरातली. ती शून्यावर आणली तरी लाभ दोनएक टक्के, तोही थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच. संपिगे रस्त्यावरच्या गर्दीत थ्रॉटल बहुतेक वेळ अर्धवट मिटलेला असतो. तेथे हवा अडते ती त्याच्यापाशी, फिल्टरपाशी नव्हे.

शिवाय खुला फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. मिळवले दोन, गमावले नऊ! कारखान्याची फिल्टरपेटी आवाजही दाबते. ती काढल्यावर वाढणारी गर्जना कानाला ताकद वाटते. फिल्टरची जाळी विरळ असेल, तर आत शिरणारी धूळ सिलिंडर झिजवते.

टर्बोचा दाब वाढवलेल्या किंवा शर्यतीच्या इंजिनाला मूळ मार्ग अपुरा पडू शकतो. तेथे हा बदल सार्थ ठरतो. इतरांनी खर्चापूर्वी एकाच दिवशी, एकाच डायनामोमीटरवर दोन्ही फिल्टरांची तुलना मागावी. मॉस यांनीही अंदाजावर न विसंबता इंजिन पर्वतावर नेऊन मोजले होते.