राळेचा भडका आणि अंधार

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलेल्यांना गाभाऱ्याची ती अरुंद वाट आठवत असेल. देव खाली, तळघरात. वाकून, अंग चोरून उतरायचं. आजीचं बोट धरून मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा खाली भयंकर असं काहीच नव्हतं. दिवा होता, बेल होता. तरी छाती धडधडत होती. नाटकातल्या भीतीविषयी बोलायचं म्हटलं की मला आधी ती वाट आठवते.

आपल्या नाटकाला भीतीचं वावडं कधीच नव्हतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. पुढे त्या धर्तीच्या पौराणिक खेळांना ‘अलल डुर्र’ची नाटकं म्हणू लागले, ते राक्षसांच्या आरोळीवरूनच. उजेड मशालींचा. राक्षस यायच्या वेळी जाळावर राळेची पूड फेकायची. भक्कन भडका उठायचा आणि त्यात रंगवलेला चेहरा दिसायचा. मला वाटतं, खरी करामत भडक्याची नव्हेच. तो विझला की दिपलेल्या डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, आणि आरोळी मात्र जवळ आलेली असते!

पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ या नावानं, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली. तिथे पिशाच होणाऱ्यापेक्षा त्याला पाहणाऱ्या नटाचं काम अवघड. प्रेक्षक भूत बघतात ते त्याच्या डोळ्यांतून. लंडनमध्ये ‘द वुमन इन ब्लॅक’ १९८९ पासून २०२३ पर्यंत चाललं, तेही मुख्यतः दोन नटांच्या बळावर. सिनेमातलं भूत पडद्यापलीकडे असतं. नाटकातलं आपल्याच छपराखाली.

हे मला उशिरा कळलं. कॉलेजात असताना आम्ही पोरांनी औंढ्यात एक भुताची एकांकिका केली होती. लाल बल्ब, पुठ्ठ्याचा मुखवटा, पायात साखळी. भूत आलं आणि मांडवात हशा पिकला. मागून कुणी तरी त्याला चहाही विचारला. तेवढ्यात वीज गेली. आमच्या मित्राला काय करावं सुचेना, तो चाचपडत पुढे निघाला. फळ्यांवरून साखळी घासत येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. मांडव चिडीचूप. पुढची पोरं उठून आयांच्या कुशीत शिरली. पेट्रोमॅक्स आला तेव्हा आमचं भूत अगदी कडेला, एक पाय हवेत धरून उभं होतं. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही त्याच जागी मुद्दाम दिवे घालवले. प्रेक्षकांतून लगेच तीन बॅटऱ्या पेटल्या.