डिस्प्ले कार्डांतील दोष आणि त्यांचे परिहार : देवनागरीच्या संगणकप्रवेशातील एक प्रकरण

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याचे नाव कागदावर लिहिताना चार अक्षरे पुरतात : सि, द्धे, श्व आणि र. आजच्या संगणकात मात्र तेच नाव दहा संकेतांनी साठविले जाते : स, इकाराची खूण, द, हलन्त, ध, एकाराची खूण, श, हलन्त, व आणि र. या दहा संकेतांची चार अक्षरे संगणकाच्या कोणत्या भागाने करावयाची, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु १९८० नंतरच्या वीस वर्षांत त्याची जी भिन्न उत्तरे दिली गेली, त्यांवर त्या काळातील मराठी दस्तऐवजांचे भवितव्य अवलंबून राहिले. ती उत्तरे समजून घेण्यासाठी डिस्प्ले कार्डांतील दोष आणि त्या दोषांना वळसा घालणारी आज्ञावली यांचा इतिहास पाहणे अवश्य आहे.

स्मृतीत साठविलेला मजकूर पडद्यावर बिंदूंच्या रूपाने उमटविणारे जे यंत्रांग, ते डिस्प्ले कार्ड. आणि त्या कार्डास कामाला लावणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. कार्ड एकदा कारखान्यातून बाहेर पडले की त्याची घडण बदलणे दुष्कर असते. आज्ञावली मात्र सुधारता येते. म्हणून कार्डाचा दोष निस्तरण्याचा भार बहुधा आज्ञावलीवरच येऊन पडतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण पहिल्या आयबीएम वैयक्तिक संगणकातच सापडते. ऑगस्ट १९८१ मध्ये हा संगणक प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यासाठी सीजीए नावाचे रंगीत कार्ड उपलब्ध होते. त्यावरील १६ किलोबाइट स्मृतीकडे मुख्य प्रक्रियक आणि पडदा रंगविणारे मंडल या दोघांनाही एकाच वाटेने जावे लागे. ऐंशी स्तंभांचा मजकूर दिसत असताना प्रक्रियकाने मध्येच काही लिहिले, तर त्या क्षणी पडद्याच्या मंडलास चुकीचा बाइट मिळे आणि पडद्यावर पांढरे ठिपके उडत. या दोषास 'स्नो', म्हणजे हिम, असे नाव पडले. त्याचा परिहारही ठरलेला होता. एक रेषा संपवून किरण पुढील रेषेकडे वळतो, तेवढ्या अल्प अवधीतच लिहावयाचे. आणि तो अवधी केव्हा येतो, हे कार्डावरील स्थितिदर्शक नोंदीवरून पाहावयाचे.

संगणकाच्या मूळ आज्ञावलीत, म्हणजे बायोसमध्ये, ही दक्षता घेतलेली होती. तथापि बायोसची गती मंद असल्यामुळे अनेक आज्ञावलीकार तिला डावलून थेट कार्डाच्या स्मृतीत लिहू लागले. परिणामी एका कार्डाचा दोष असंख्य उपयोजनांच्या गळ्यात पडला. टर्बो पास्कल या भाषेच्या पडदाविषयक विभागात 'चेकस्नो' नावाचे एक चल होते. ते चालू असले की प्रत्येक लेखनापूर्वी योग्य अवधीची वाट पाहिली जाई. ज्या कार्डांत हा दोष नव्हताच, त्यांच्या बाबतीत ही प्रतीक्षा निष्कारण ठरे. परिहार दोषाच्या जागेपासून दूर गेला म्हणजे काय होते, याचा हा पहिला धडा होय.

देवनागरीच्या वाट्यास आलेली अडचण याहून निराळी होती. सीजीए कार्ड रोमन लिपीसाठी बऱ्यापैकी काम देई. देवनागरीच्या दृष्टीने मात्र त्याची रचनाच सदोष होती. त्यावर केवळ २५६ आकृती कायमच्या कोरलेल्या असत आणि प्रत्येक आकृतीस आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच एवढीच चौकट मिळे. शिरोरेखेवरील मात्रा, मधला अक्षरदेह आणि खालील उकार यांना आठ बिंदूंत सामावणे दुर्घट आहे. १९८४ च्या ईजीए आणि १९८७ च्या व्हीजीए कार्डांत आकृती बाहेरून भरण्याची सोय झाली, तरी एका वेळी ५१२ पेक्षा अधिक आकृतींना वाव नव्हता. शिवाय व्हीजीएच्या नेहमीच्या मजकूर-पद्धतीत चौकट नऊ बिंदू रुंद असून आकृती आठच बिंदूंची असे. नववा बिंदू कोरा राही. कोष्टकांच्या रेषा जोडता याव्यात म्हणून फक्त १९२ ते २२३ या ३२ संकेतांपुरता आठवा बिंदू नवव्या जागी पुन्हा उमटविला जाई. रोमन अक्षरांना ही फट सोयीची होती. देवनागरीची शिरोरेखा मात्र तिच्यामुळे अक्षरागणिक तुटली असती.

अशी अडचण केवळ भारतीय लिपींचीच नव्हती. १९८२ चे हर्क्युलिस कार्ड व्हॅन सुवन्नुकुल यांनी तयार केले, त्यामागे आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा ही निकड होती. ७२० गुणिले ३४८ बिंदूंचे ते कार्ड पुढे जगभर रूढ झाले.

भारतात या प्रश्नाचा पाठपुरावा कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. तेथील देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आले. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली हे कार्य तेथे पुढे चालले आणि त्यातून जिस्ट कार्ड सिद्ध झाले. मूळच्या डिस्प्ले कार्डाकडून देवनागरीची अपेक्षा न करता अक्षरजोडणीचे काम या स्वतंत्र कार्डाकडे सोपविण्यात आले. डॉसवर चालणाऱ्या, मूळच्या इंग्रजी आज्ञावल्यांना हात न लावता त्यांत भारतीय भाषांतील मजकूर लिहिता येऊ लागला.

या योजनेचे खरे महत्त्व तिच्यातील श्रमविभागात आहे. साठवणीसाठी इस्की हा संकेत ठरविण्यात आला. तो १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्य झाला. त्यात उच्चारक्रमाने वर्ण साठविले जात. आकृतीचा विचार कार्ड करी. 'सिद्धेश्वर' मधील इकाराची खूण पडद्यावर स-च्या डावीकडे दिसे, परंतु साठवणीत ती स-च्या नंतरच येई. यंत्राचा दोष यंत्राशेजारीच निस्तरला गेला. दस्तऐवज निर्मळ राहिला. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारला गेल्यामुळे तो मजकूर पुढील पिढीच्या संगणकांवर नेणे सुकर झाले.

विंडोज प्रणालीबरोबर दुसरा मार्ग रूढ झाला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेले फॉन्ट वापरात आले. ते स्वस्त व सुलभ होते आणि मुद्रणाची तातडीची गरज त्यांनी भागविली, हे मान्य केले पाहिजे. परंतु येथे परिहार दस्तऐवजातच शिरला. इकार आधी आणि स नंतर, अर्धा श निराळा, जोडाक्षराची आकृती निराळी, अशा दृश्यक्रमाने मजकूर साठविला गेला. आणि कोणत्या आकृतीस कोणता संकेत, हे फॉन्टागणिक बदलत गेले. विंडोज २००० मध्ये मराठीची युनिकोड व्यवस्था आली तेव्हा मूळचा अडथळा दूर झाला. वळशाच्या खुणा मात्र लिखाणात तशाच राहिल्या. अशा धारिकेतील 'सिद्धेश्वर' हे नाव तिचा फॉन्ट हाताशी नसेल तर रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका होऊन दिसते, आणि शोध घेणाऱ्यास ते सापडत नाही.

दोष त्याच्या जागीच निस्तरावा, हे तत्त्व आजच्या ड्रायव्हरांतही दिसते. पडदा आपली माहिती संगणकास एका ठरावीक नोंदीने देतो. लिनक्समध्ये तिच्या आरंभीच्या आठ बाइटांपैकी निदान सहा बरोबर असतील, तर उरलेले दुरुस्त करून नोंद स्वीकारली जाते. काही पडदे आपले माप मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये कळवितात. काही लॅपटॉपांत उजेडाचे मान उलटे असते. असे दोष निर्मात्याच्या व नमुन्याच्या नावानिशी ड्रायव्हरमधील याद्यांत नोंदले आहेत, आणि २००५ पासून प्रत्येक फेरफाराचे कारण त्याच्याबरोबर जपले गेले आहे. उपयोजनांना त्याची वार्ताही लागत नाही.

तात्पर्य, यंत्र सदोष असणे अपरिहार्य आहे. त्यास वळसा घालणे हेही अपरिहार्य आहे. प्रश्न एवढाच उरतो, की त्या वळशाची खूण कोठे राहावी. ती ड्रायव्हरमध्ये राहिली तर कार्डाबरोबर कालबाह्य होते. लिखाणात उतरली, तर कार्ड भंगारात गेल्यावरही वाचकाची वाट अडवून बसते. मराठीने हे दोन्ही अनुभव एकाच दशकात घेतले.