सांताक्रूझचा क्रूस आणि ‘मूळचा कुठला?’ हा प्रश्न

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून सुरू होते.

मी वाकोल्यात वाढलो. ‘पुढील स्टेशन, सांताक्रूझ’ हे हजारदा ऐकलं, पण अर्थ कधी विचारला नाही. पोर्तुगीज भाषेत ‘सांता क्रूझ’ म्हणजे पवित्र क्रूस. कॉलेजात कलिन्याचा एक ख्रिश्चन मित्र होता. एकदा मी त्याला कौतुकानं म्हणालो, “अरे, तुझं मराठी किती छान आहे! तुम्ही मूळचे कुठले?” तो हसला आणि म्हणाला, “घरी दुसरं काय बोलणार? आम्ही इथलेच. तू कुठला?”

माझे आजोबा साताऱ्याहून आलेले. मी गप्प!

तर आज त्याच प्रश्नाचा इतिहास. कारण ख्रिस्ती माणूस आणि राजकारण म्हटलं, की हा ‘मूळचा कुठला?’ फिरून फिरून समोर येतो.

सुरुवात साष्टीपासून करू. वांद्र्यापासून उत्तरेकडचा हा सगळा भाग म्हणजे साष्टी. १५३४ मध्ये वसई आणि आसपासचा हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. इथले कोळी, कुणबी, भंडारी अशा जातींतले बरेच लोक ख्रिस्ती झाले. कोणी श्रद्धेनं, कोणी सवलतींसाठी, कोणी सत्तेच्या दबावाखाली. हे तिन्ही खरं आहे, त्यातलं एकच निवडून गोष्ट सांगू नये. कलिना म्हणजे जुनं कोळे-कल्याण. तिथल्या चर्चची स्थापना १६०६ ची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची!

पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई. १७७४ मध्ये इंग्रज आले. राज्यं तीन झाली, पण शेतं तीच, विहिरी त्याच, घरातली बोलीही मराठीच राहिली. बायकांचं लुगडं राहिलं, लग्नातली गाणी राहिली.

आता येऊ १८८७ वर. रेल्वे आणि गिरण्यांमुळे मुंबईत कामाला बाहेरून माणसं येत होती. त्यात गोव्याचे ख्रिस्तीही होते. इंग्रज सरकार सगळ्यांना सरसकट ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हणायचं. गोवेकर पोर्तुगालची प्रजा, आणि हे तर इंग्रजांच्या राज्यातले. नोकऱ्यांची स्पर्धा होतीच. मग राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, २६ मे १८८७ रोजी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. नाव घेतलं थेट ईस्ट इंडिया कंपनीवरून. ‘आम्ही कंपनीच्या काळापासूनची तुमची प्रजा’, हे सरकारला सांगण्यासाठी.

बघा ना, ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा याच मातीत राबले, त्यांना आपण इथले आहोत हे सिद्ध करायला परक्या कंपनीचं नाव लावावं लागलं! मला यात लबाडी दिसत नाही. मला त्यात अल्पसंख्य माणसाची धास्ती दिसते.

पण थांबा, याच समाजातून दुसरंही उत्तर आलं. जोसेफ बॅप्टिस्टा, म्हणजे आपले ‘काका’ बॅप्टिस्टा. जन्म १८६४, माझगावच्या माथारपाखाडीतला. वडील मूळचे उत्तनचे. केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले. मनात आणलं असतं तर साहेबाच्या मर्जीत आरामात जगले असते. त्यांनी काय केलं? टिळकांच्या खांद्याला खांदा लावला. १९१६ मध्ये बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले बॅप्टिस्टा. १९२० मध्ये कामगारांची देशव्यापी संघटना ‘आयटक’ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, आजच्या भाषेत महापौर.

आणि हे सगळं करताना ते पक्के कॅथलिक होते. धर्म सोडला नाही, लपवलाही नाही. १८८७ ला समाज सांगत होता, ‘आम्ही तुमची निष्ठावान प्रजा.’ तीस वर्षांच्या आत त्याच समाजातला माणूस म्हणाला, ‘आम्हाला प्रजा राहायचंच नाही.’ क्रूस तोच, प्रार्थना तीच, राजकारण मात्र उलटं! म्हणून कुणी ‘ख्रिश्चन मतं’ असा एकगठ्ठा शब्द वापरला, की मला काका बॅप्टिस्टा आठवतात.

आता आजचं बघू. आपल्या उपनगरांत रस्त्याकडेला जे क्रूस दिसतात, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगनंतरचे. साथ टळावी म्हणून लोकांनी उभारलेले. वांद्र्याच्या बाजार रोडवरचा १८९५ चा क्रूस तर त्याच्याही आधीचा. अनधिकृत धार्मिक बांधकामांवरच्या कारवाईत एप्रिल २०१७ मध्ये महापालिकेनं तो पाडला. जागा खासगी आहे, असं रहिवासी सांगत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं सक्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्यासाठी समिती नेमली. सक्ती वाईटच, त्यावर वाद नाही. पण अशी चर्चा तापली, की चारशे वर्षं इथं राहिलेल्या माणसाकडेही संशयानं पाहिलं जातं. तेव्हा त्या घरात काय वाटत असेल?

मध्यंतरी त्या मित्राला भेटलो. निवडणुकीचे दिवस होते. गावठाणातल्या क्रूसाशेजारी एका उमेदवाराचा बॅनर लागला होता. मी विचारलं, “तुमच्या लोकांना काय हवंय?” तो म्हणाला, “गावठाणाची हद्द नीट आखून द्या. घर आमच्या नावावर राहू दे. पाणी वेळेवर सोडा.” यात एकही मागणी धर्माची नाही. शेजारच्या कुठल्याही घरात हेच ऐकायला मिळेल.

त्या दिवशी त्याला उशिरा का होईना, सॉरी म्हणालो. “कशाबद्दल?” त्यानं विचारलं. “तुझ्या मराठीचं कौतुक केल्याबद्दल.”

तो परत हसला. “चल, आई वाट बघतेय. फुगे तळलेत.”

तुमच्या गल्लीच्या नाक्यावर असा क्रूस असेल, तर आज जाताना त्यावरचं साल वाचा. आणि मग आपल्या घरी विचारा, आपण इथं कधी आलो?

भेटू पुढच्या भागात.