हबशी बांधकामे, दख्खन व कोकणातील

आफ्रिकेच्या पूर्व भागातून, मुख्यतः इथिओपियातून (जुन्या भाषेत हबसाण), गुलाम, शिपाई आणि खलाशी म्हणून दख्खनमध्ये आलेल्या लोकांनी व त्यांच्या वंशजांनी उभारलेली शहरे, किल्ले, जलवाहिन्या व कबरी. या लोकांना मराठीत हबशी किंवा सिद्दी म्हणतात. त्यांच्या बांधकामांत आफ्रिकी घाट शोधू गेल्यास निराशाच पदरी पडते. कमानी, घुमट, चुनेगच्ची सगळे दख्खनी वळणाचे, कारागीरही इथलेच. हबशांचा हात दिसतो तो जागेच्या निवडीत आणि पाण्याच्या हिशेबात.

वऱ्हाडचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. महमूद गवानाने बहमनी राज्याचे सुभे नव्याने पाडले तेव्हा वऱ्हाडाचे गाविलगड व माहूर असे दोन भाग झाले. त्यांपैकी माहूर (वाशीमच्या आग्नेयेस) खुदावंदखान हबशी या सरदाराकडे गेले. बहमनींच्याच बीदर शहराबाहेरच्या एका टेकडीला हबशी कोट म्हणतात. तिच्यावर हबशी अमिरांच्या कबरी आहेत. पुढे 1574 मध्ये वऱ्हाडची इमादशाही अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली. त्या वेळी अहमदनगरचा कारभारी चंगीझखान होता आणि त्याच्या पदरी विकत घेतलेला एक हबशी तरुण होता, मलिक अंबर (सु. 1548–1626).

पुढे निजामशाहीची सूत्रे हाती आल्यावर अंबराने 1610 मध्ये खडकी गावी राजधानी वसवली. जमीन खडकाळ, खाम नदीचे पाणी अपुरे. राजधानीला ही जागा कुणी सुचवली असती तर दरबारात हसे झाले असते. अंबराने उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूचे डोंगर पाहिले. त्यांच्या पायथ्याला जमिनीत झिरपलेले पाणी त्याने भुयारी नहरीत गोळा केले आणि निव्वळ उतारावर ते शहरात खेळवले. नहरीवर ठिकठिकाणी साफसफाईसाठी विहिरीसारखी तोंडे ठेवली होती. शहरात खापराच्या नळांनी पाणी हौदांपर्यंत जाई. वाटेत उंच दगडी मनोरे बांधून नळांतली हवा बाहेर सोडलेली असे व पाण्याचा दाब आवरलेला असे. ना मोट, ना रहाट. हीच नहर-ए-अंबरी. थत्ते नहर, पाणचक्कीची नहर या नंतरच्या नहरी याच तत्त्वावर निघाल्या. पाणचक्की स्वतः अंबराची नव्हे, ती अठराव्या शतकातली. पर्यटकांना मात्र ती सर्रास अंबराची म्हणून सांगितली जाते. पाणी हे अंबराचे हत्यारही होते: 1624 च्या भातवडीच्या लढाईत तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या वाटा चिखलात घातल्या.

खडकीतला भडकल दरवाजा (1612) मुघलांवरील विजयाची खूण म्हणून बांधला गेला. तेव्हा शहराला तट नव्हता. तट आला तो औरंगजेबाच्या काळात, 1682 नंतर. म्हणजे हा दरवाजा सुरुवातीला कशाचाच दरवाजा नव्हता, नुसती विजयकमान होती. जामा मशिदीचा मूळ भागही अंबराचा. वऱ्हाडातल्या बाळापूरहून निघालेल्या शाहनवाजखानाच्या मुघल फौजेने 1616 मध्ये रोशनगावला अंबराचा पराभव करून खडकी जाळली. त्याच साली अंबराने नौखंडा महालाचे काम काढले. अंबराची कबर खुलदाबादला आहे, ती त्याने हयातीतच बांधवून घेतली होती. जवळच पत्नी करीमा हिची कबर आहे. खडकीचे पुढे फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर असे नामांतर होत गेले.

कोकणात हबशांनी समुद्रावर बांधले. राजपुरीच्या खाडीतल्या बेटावर मुळात कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. निजामशाही काळात त्याच्या जागी दगडी किल्ला आला आणि सतराव्या शतकाच्या आरंभापासून सिद्दी घराण्याने तो राखला, वाढवला. हा जंजिरा. बेटाच्या कडेकडेने तट फिरवल्याने पायथ्याला उतरायला जागाच उरत नाही, आणि महादरवाजा अशा बेताने बसवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. भोवती खारे पाणी, आत मात्र गोड्या पाण्याचे दोन तलाव. वेढ्यात तटाइतकेच ते कामी आले.

जंजिऱ्याने आसपासचा किनाराही घडवला. शिवाजी महाराजांनी त्याला शह म्हणून कांसा खडकावर पद्मदुर्ग बांधला. लाटांनी तिथले दगड झिजले तरी मधला चुना अजून टिकून आहे. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला होता.

सिद्दी सरदारांच्या घुमटदार कबरी राजपुरीजवळ खोकरी येथे आहेत. सर्वांत मोठी सुरूलखानाची. सुरूलखानाचा पडका वाडा जंजिऱ्यातच उभा आहे. तोफांचा काळ सरल्यावर नबाब किनाऱ्यावर राहू लागले आणि 1885 च्या सुमारास मुरूडला समुद्राकडे तोंड केलेला राजवाडा झाला. जंजिरा संस्थान 1948 मध्ये विलीन झाले.